हळदीचा धागा आणि एक लिंबू

आमच्या घरात लिंबू येत नाही. वरणाला चिंच, लोणच्याला कैरी, पाहुणा उन्हातून आला तर गूळ-पाणी. सून नवी होती तेव्हा तिनं एकदा बाजारातून चार लिंबं आणली. मी ती पदरात घेतली आणि शेजारी देऊन आले. सासूचा काही नेम असेल असं तिला वाटलं. तिनं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सांगायची वेळ आणली ती आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मास्तरांनी. मास्तर तरुण आहेत, शाळेत विज्ञान शिकवतात. एका सकाळी दारात येऊन उभे राहिले.

"आजी, एक लिंबू द्या की. आज पोरांना प्रयोग दाखवायचाय."

"लिंबू न्हाई आमच्यात. कसला प्रयोग?"

त्यांनी खिशातून पट्ट्यांची एक चिमुकली वही काढली. निळ्या कागदाच्या पट्ट्या, बोटाएवढ्या. म्हणाले, ही पट्टी आंबटात बुडवली की लाल होते. अशीच लाल पट्टीही असते, ती खारात बुडवली की निळी होते. पुस्तकात त्याला आम्ल आणि आम्लारी म्हणतात.

मी पट्टी उलटीपालटी करून बघितली, वास घेतला. म्हटलं, "मास्तर, हे काम मी जलमभर हळदीच्या धाग्यावर केलं."

मास्तर तिथंच उंबऱ्यावर बसले. शाळेची घंटा होईपर्यंत मी बोलत राहिले आणि ते ऐकत राहिले. उठताना म्हणाले, "आजी, हे लिहून काढा. दिवाळी अंकाला पाठवू. न शिकता तुम्ही केवढी हुशारी केली!" त्यांना मी धाग्यापर्यंतच सांगितलं होतं. लिंबापर्यंत गेले नव्हते. ते इथं लिहिते.

आमचं गाव मांजरा नदीच्या काठी, युसूफ वडगावच्या बाजारापासून दोन कोसांवर. नाव लिहीत नाही, तिथं अजून या गोष्टीतल्या माणसांची नातवंडं नांदतात. मी परटाची लेक आणि परटाची सून. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. कचेरीत उर्दू, मोठ्या शाळेत उर्दू, पण मळ काय, सगळ्या राज्यांत सारखाच. मी कुठल्याच शाळेत गेले नाही. अक्षरं शिकले ती कपड्यांवरच्या खुणांवरून. गावभरचे कपडे एका भट्टीत पडतात, ते पुन्हा ज्याचे त्याला जावेत म्हणून काठाला बिब्ब्यानं खूण करावी लागते. कुणाचे दोन ठिपके, कुणाची फुली. कुलकर्ण्यांच्या घरचे मात्र आपलं अक्षर स्वतःच घालून द्यायचे. मला आलेलं पहिलं अक्षर 'कु'. त्यावरून पुढची जोडत गेले. चुका असतील त्या पोटात घाला.

परटाचं काम म्हणजे दगडावर कपडे आपटायचे, असं लोकांना वाटतं. आपटणं हे सगळ्यात सोपं. खरं काम भट्टीचं. खाराच्या पाण्यात मेंढीच्या लेंड्या कालवायच्या, त्यात कपडे भिजत घालायचे. मग तांब्याच्या मोठ्या भांड्यावर ते एकावर एक रचायचे आणि खालून जाळ. वाफ वर चढते, खार धाग्याधाग्यात शिरतो आणि मळ सुटा होतो. त्यानंतर दगड, त्यानंतर नदीचं पाणी, तेही तीनदा. लेंड्यांचं नाव काढलं की शहरातल्या बाया नाक धरतात. धरा. तुमच्या आज्यांची पांढरीशुभ्र धोतरं-लुगडी त्यातूनच निघाली आहेत.

या सगळ्यात मालक कोण, तर खार. कमी पडला तर मळ हलत नाही. जास्त झाला तर कापड कुजतं, आमचे हात सोलतात. आणि धुवून निघाला नाही, कापडात राहून गेला, तर नेसणाऱ्याचं अंग भाजतो. आणि तो दिसत नाही हो! खाराचं पाणी आणि साधं पाणी शेजारी ठेवा, डोळ्याला एकच. माझी सासू तरुणपणी बोट बुडवून जिभेला लावायची. तिच्या जिभेची चवच गेली. आमच्या कालवणात मीठ कायम जास्त, आणि कुणी बोललं तर म्हणायची, "मला काय कळतंय, जीभ भट्टीत घातली मी."

पण तिनंच मला धागा दिला. पांढरं सूत हळदीत उकळून वाळवायचं आणि त्याची गुंडी कमरेला लावायची. भट्टीच्या पाण्यात धागा बुडवला आणि पिवळाच राहिला तर खार नाही. नारिंगी झाला तर थोडा. कुंकवासारखा लाल झाला तर बरोबर. काळपट लाल झाला तर हात घालू नको, पाणी वाढव. हे सुरुवातीला. आणि शेवटी, कपडे धुवून पिळले की ओल्या कपड्यावर नवा धागा दाबून बघायचा. पिवळा राहिला तर कपडा घरी जायला मोकळा. जरा जरी तांबडं दिसलं, तर पुन्हा नदीत. त्या वेळी पाण्यात ताकावरची निवळ घालायची. आंबट खाराला मारतं. लाल झालेला धागाही निवळीत घातला की परत पिवळा. नव्या सुनांना हा खेळ दाखवायला मला फार आवडायचं. लाल, पिवळा, पुन्हा लाल.

आंबट ओळखायची रीत मात्र माझी मी काढली. कुंपणावर गोकर्णीचा वेल होता, निळ्या फुलांचा. फूल चुरगळून लावलं की खारावर हिरवट होतं, आंबटावर गुलाबी. त्यावर मी एका मुन्शीला गप्प केलं.

हा कचेरीतला मुन्शी, पांढऱ्या शेरवानीचा मोठा शौकीन. गठुळं सोडलं तर शेरवानीला पुढं चार भोकं. मी ती पाण्यात न घालता तशीच परत नेली, तर तो माझ्यावरच उखडला.

"अरे ओ परटीन, मेरी शेरवानी कू क्या करी तू? सोडे में जला डाली!"

म्हटलं, "साहेब, अजून पाणी लागलं न्हाई तिला." तो काही ऐकेना, चार माणसं गोळा झाली. मग मी ओंजळीत नेलेलं गोकर्णीचं फूल ओलं करून भोकाच्या कडेला चोळलं. कड गुलाबी झाली. आमच्या सोड्यावर, म्हणजे भट्टीच्या खारावर चोळलं, हिरवं. म्हटलं, "खारानं जळली असती तर हिरवी दिसली असती. ही तेजाबानं जळलीय. आन् तेजाब गावात एकाच्याच घरी असतंय, सोनाराच्या. तुमी सोनाराकडं कावून गेलते साहेब?"

मुन्शीनं शेरवानी हिसकावून घेतली. त्याची बेगम पडद्याआडून ऐकत होती. बायकोच्या बांगड्या कसाला लावायला हा चोरून गेला होता, हे आम्हाला पुढं महिनाभर तिच्याच तोंडून ऐकायला मिळालं.

हसू आलं ना? तेव्हा मलाही आलं होतं. चारचौघांत एखादी गोष्ट अशी चुटकीसरशी दाखवून द्यायची आणि समोरच्याचं तोंड उतरलेलं बघायचं, याची चटक मला तिथंच लागली.

आता सारजाची गोष्ट.

सारजा धनगरीण. नवरा साप चावून गेला, मूल नाही. गावाच्या कडेला मेंढवाडा घालून चाळीस मेंढरं एकटी राखायची. भट्टीच्या लेंड्या मी तिच्याकडून आणायची आणि तिची घोंगडी मी धुवायची. त्यापलीकडं आमच्यात हिशेब नव्हता. तिच्याकडं दोन शेळ्या आणि एक गाय होती. माझ्या कामाच्या दिवशी ती लोटाभर ताक घेऊन नदीवर यायची. अर्धं आम्ही प्यायचो, अर्ध्याची निवळ मी पाण्यात ओतायची. धागा लालाचा पिवळा होताना तिनं शंभरदा पाहिला होता. प्रत्येक वेळी म्हणायची, "माझ्या ताकाची करामत हाय बरं का, तुझी न्हाई."

ती फटकळ होती. एकदा पाटलाच्या गड्यानं तिचं कोकरू उचललं, तेव्हा पाटलाच्या ओट्यासमोर उभी राहून तिनं सगळ्या गावाला ऐकू जाईल असं विचारलं, "पाटील, तुमच्या घरी खायला न्हाई का?" कोकरू परत मिळालं. पण ओट्यावरची माणसं ते वाक्य विसरली नाहीत.

पाटलाच्या धाकट्या लेकाचं लग्न ठरलं. त्याच सुमाराला वडगावच्या बाजारात एक नवा सोडा आला होता. विकणारा ओरडत होता, "इंग्रजी माल, निम्मा टाका, दुप्पट काम!" मी चिमूटभर पाण्यात टाकून धागा बुडवला.

"कावून बाई, सोड्यात हळद घालून कालवण करता का काय?" तो हसला.

धागा बघता बघता काळपट लाल झाला. इतका जहाल खार मी तोवर पाहिला नव्हता. लग्नाच्या कपड्यांचे ढीग पडले होते, मला घाई होती. मी तोच घेतला.

लग्नाच्या आठवड्यात आम्ही तिघं, मी, सासू आणि आमचे मालक, पहाटेपासून नदीवर. सासूला ताप आला, ती घरी बसली. शेवटचा गठ्ठा पाटलाकडच्या चादरी, पासोड्या आणि नवरीसाठी शिवलेल्या नव्या पांढऱ्या चोळ्यांचा. दोन पाण्यांतून काढला, तिसरं राहिलं. पाटलाच्या वाड्यावरून गडी चारदा बोलावून गेला. "पाव्हणे आले, चादरी आणा!" कमरेला गुंडी होती. हात तिथवर गेलासुद्धा. म्हटलं, वाळतील, काय होतंय. धागा लावला नाही.

एवढंच केलं मी. एक धागा लावला नाही.

लग्न थाटात झालं. सारजाही लोण्याचा गोळा घेऊन गेली होती. हळद लागलेल्या नवरीला बघून सगळ्यांदेखत म्हणाली, "लई पिवळीधमक दिसतीस ग बाई, सोन्याची बाहुलीच." तिच्या मनात कौतुकच होतं.

हळदीचं लुगडं दमट होतं, तसंच घडी करून घरच्यांनी लोखंडी संदुकीत ठेवलं. वर आमच्या धुतलेल्या पासोड्या आणि नवरीच्या अंगातली एक सोडून बाकीच्या चोळ्या ठेवल्या, कुलूप घातलं. चार दिवसांनी संदूक उघडली, तर लुगड्यावर तळहाताएवढे लालभडक डाग. कुलूप जसंच्या तसं. त्याच दिवशी नवरीनं नवी चोळी काढून दाखवली, तर तिच्या पाठीवर, काखेत तसेच लाल चट्टे. पोरगी आगीनं रडत होती.

वाड्यावर एकच शब्द फुटला. भानामती.

आमच्या मराठवाड्यात हा शब्द बाहेरच्यांना सांगावा लागतो. कुणीतरी दुष्टाव्यानं करणी करतं आणि बंद घरात कपड्यावर डाग पडतात, अंगावर फुल्या उठतात, अन्नात घाण निघते, असं लोक मानायचे. आणि डाग पडले की डाग पाडणारी शोधायची. ती नेहमी बाईच असायची. एकटी, आणि फटकळ.

धुवायला घेते का म्हणून मला बोलावलं होतं. मी लुगडं पाहिलं. मला सगळं कळलं. माझा खार चोळ्यांत राहिला होता. तो लागून दमट हळद लाल झाली, आणि घामात उतरून त्यानं पोरीचं अंग जाळलं. मी म्हटलं, "उद्या बघते," आणि घरी पळाले.

आमच्या मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "येडी हाईस का? पाटलाची सून आपण भाजली हे कळलं, तर गाव सोडावं लागंल. सुगीचं धान्य कुणाच्या दारी मागायचं? गप बस. दोन दिसांत चट्टे जातील."

मी गप्प बसले. पहिला दिवस, दुसरा दिवस. नवरीला खोबरेल लावा, चोळी बदला, एवढाच निरोप दुसऱ्याच बाईच्या तोंडून पाठवला. तिसऱ्या दिवशी बाहेरगावचा देवरशी, करणी उतरवणारा, आला. त्यानं लुगडं पाहिलं, नवरीची दृष्ट काढली आणि विचारलं, "पोरीचं कौतुक कुणी केलं होतं?"

मी नदीवर होते. मालक धावत आले. "सारजाला वाड्यावर नेलं. वाटंतनं वढत नेलं."

मी कशी गेले ते मला आठवत नाही. वाड्याच्या अंगणात दुपारचं ऊन तळपत होतं. ओट्यावर पाटील, त्याच्या बाजूला त्याची आई, म्हणजे थोरल्या बाई. अंगणात गावातले पुरुष उभे, बाया भिंतीकडं. मधे जमिनीवर सारजा. लुगडं फाटलेलं, कपाळ फुटलेलं. ती ताक घेऊन माझ्याकडंच निघाली होती, तशीच धरून आणली होती. लोटा तिच्या पुढ्यातच होता, निम्मा सांडलेला. देवरशासमोर ताटात हळद, कुंकू, सुई टोचलेली आणि न टोचलेली सात-आठ लिंबं. बाजूला एक दगड. तो दगड कशाला आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. करणी करणारीचे पुढचे दात पाडले की तिला मंतर म्हणता येत नाही, अशी रीत होती.

"थांबा!" मी ओरडले. "पाटील, ही चूक माझी हाय. सारजाची न्हाई."

पाटील म्हणाला, "चंद्रे, तू कावून मधी पडतीस?"

मी वाटीत पाणी मागितलं. पदराच्या गाठीला सोडा होता. पाण्यात टाकला, कमरेचा धागा तोडून बुडवला आणि वर धरला. लाल.

"बघा. हळद आन् खार. मुका मार लागला की तुमी हळदचुन्याचा लेप लावता, तो लाल होतो का न्हाई?"

"होतो की," एक म्हातारा म्हणाला.

थोरल्या बाई म्हणाल्या, "पर बंद संदुकीत चुना आला कुठनं?"

"मी आणला, बाई. माझ्या धुतल्या चोळ्यांतनं. त्यांतला खार मी निपटून काढला न्हाई. पोरीच्या पाठीला बी त्यानंच आग झाली. मला काय शिक्षा करायची ती करा."

पाटील देवरशाकडं बघायला लागला. बायांमध्ये कुजबुज झाली. म्हातारा मान हलवत होता. सारजानं डोळे वर करून माझ्याकडं बघितलं. मी शपथेवर सांगते, त्या घडीला ते अंगण माझ्याकडं झुकलं होतं. तिथंच थांबले असते, किंवा पुढचं काम नीट केलं असतं, तर ती उठून घरी गेली असती.

पण देवरशी हसला. "परटीणबाई लई शानी दिसती. वाटीतलं लाल करून दाखवलं. लुगड्यावरचं घालवून दाखव की."

मला मुन्शीची शेरवानी आठवली. म्हटलं, तुझं तोंड असं उतरवते की गाव हसेल. लाल डाग काढायला आंबट हवं. समोर त्याच्याच ताटात लिंबं होती.

"तुझंच लिंबू घेते बघ," मी म्हटलं. ताटातलं एक लिंबू उचललं, त्याच्याच सुरीनं चिरलं, लुगडं दोन बायांना ताणून धरायला लावलं आणि सगळ्यात मोठ्या डागावर पिळलं.

डाग कडेकडेनं विरत गेला. लालाचा नारिंगी, नारिंगीचा पिवळा. उन्हात लुगडं लखलख पिवळं. माझ्या सगळ्या जन्मात इतकं चोख काम मी दुसरं केलं नाही.

मग मागून एक बाई ओरडली, "उतरली! उतरली ग माय!"

देवरशाचं तोंड उतरलं नाही. तो उठून उभा राहिला आणि त्यानं मला, मला, हात जोडले. "बघितलं का? बाईच्या हाताला गुण हाय. लिंबानं उतरली. आता मला सांगा, लिंबानं काय उतरतं?"

"करणी!" चार जण म्हणाले.

"मग करणी होती का न्हवती?"

"होती!"

"आन् करणी होती म्हणल्यावर करणारी बी आलीच की."

मी ओरडत होते. सोडा हाय, सोडा हाय, माझा सोडा हाय. माझं ऐकायला कुणी राहिलंच नव्हतं. बाया माझ्या पाया पडायला लागल्या. थोरल्या बाईंनी माझा हात धरून मला ओट्यावर ओढलं. "दुसरीचं पाप आपल्या अंगावर घेतीस, किती ग तुझं मन मोठं." माझ्या कपाळाला कुंकू लावलं. त्यांच्या खांद्यावरून मला दिसलं ते असं: दोघांनी सारजाचं डोकं धरलं, आणि देवरशानं दगड उचलला.

आवाज फार मोठा झाला नाही. नारळ फुटल्यासारखाही नाही. बारीक खडा दाताखाली यावा, तेवढाच.

फिर्याद कुठं करणार? पोलीस पाटील म्हणजे तोच पाटील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सारजाच्या मेंढवाड्यावर गेले. ती मेंढरं बाहेर काढत होती. कपिलधारच्या डोंगराकडं तिची कुणी लांबची माणसं होती, तिकडं निघाली होती. तोंडाला फडकं बांधलेलं, वरचा ओठ सुजून नाकाला लागलेला. मी पाया पडले. तिनं मला उठवलंही नाही, लाथाडलंही नाही. मेंढरं मोजून झाल्यावर फडकं खाली केलं. बोलणं फुसफुसत होतं, पण शब्द कळले.

"लिंबू कावून घेतलंस, चंद्रा?"

तिनं काठी उचलली आणि पुढच्या मेंढराला वळवलं.

"ताक होतं की. माझ्याम्होरंच होतं."

तेवढं बोलून ती गेली. पुन्हा तिची काही खबर आली नाही. दोन वर्षांनी एका मेंढक्याला विचारलं, तर तो म्हणाला, अशी बोळकी धनगरीण कपिलधारला पाहिली होती. दुसरा म्हणाला, ती दुसरीच.

ताकानं उतरलं असतं, तर त्याला करणी कोण म्हणालं असतं? ताक गावातली पोरंसोरं पितात. चिंचेनं उतरलं असतं तरी चाललं असतं. आमच्याकडं करणी करायची तर लिंबानं आणि काढायची तर लिंबानं, हे शेंबड्या पोराला कळतं. मी त्याच गावात जन्मले, मला कळत नव्हतं? मी पुढं मनाला पुष्कळ कारणं सांगितली. लिंबू लवकर काम करतं. ताकानं लुगड्यावर पांढरं राहिलं असतं. सगळी खरी आहेत. पण मला त्या देवरशाला त्याच्याच लिंबानं हरवायचं होतं. सारजा माझ्या पायाशी बसली होती, आणि मी बघत होते त्याच्या तोंडाकडं.

सासू तापातून उठली तेव्हा तिला सगळं समजलं. तिनं एवढंच विचारलं, "धागा कावून न्हाई लावलास?" त्यानंतर मरेपर्यंत तिनं ती गुंडी स्वतःच्या कमरेला ठेवली, मला दिली नाही.

गावानं मात्र माझं नाव मोठं केलं. पाटलाच्या घरून बलुतं बंद होईल म्हणून आम्ही भ्यायलो होतो. त्या सुगीला आमच्या वाट्याचं सूप शीग लावून भरलं. दूरदूरच्या गावांतून माणसं यायला लागली. पोर रडतं, म्हैस दूध देत नाही, लुगड्यावर डाग पडले. येताना हातात लिंबू. "परटीणबाई, तुमी नुसता हात लावा." मी सांगून दमले की खार आहे, धुऊन काढा. ते नमस्कार करून उंबऱ्यावर लिंबू ठेवून जायचे. रोज सकाळी झाडताना चार-पाच निघायची. ती मी मांजरेत सोडायची. ते बघून लोक म्हणायचे, बाई नदीत करणी विसर्जन करते.

म्हणून आमच्या घरात लिंबू येत नाही.

मास्तर त्या सकाळी लिंबू मागत होते, तेव्हा मी त्यांना तांब्याभर ताक दिलं. ते जरा हिरमुसले. लिंबानं कसं लखकन दिसतं, पोरांना मजा येते, म्हणाले. म्हटलं, मजा राहू द्या, हेच न्या.

शाळा सुटल्यावर रिकामा तांब्या घेऊन आले. चेहरा फुललेला.

"आजी, ताकानंही कागद लाल झाला की हो!"

"होतो," मी म्हटलं. "मला तवाबी ठाऊक होतं."